प्रशासकाशी संपर्क साधा

आमच्या घरात दोन बेल आहेत. एक दाराची, दुसरी कॉम्प्युटरची. दाराची वाजली की बाहेर माणूस असतो आणि कॉम्प्युटरची वाजली की माझी चूक असते. आवाज मात्र दोन्हींचा एकच: टिंगटाँग. कॉम्प्युटरसाठी हा आवाज ज्याने निवडला त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. भांडायला नव्हे. एवढंच विचारायचंय की बाबा रे, यंत्राला तक्रारच करायची होती तर त्याला खाकरायला शिकवायचंस, दारावर आल्यासारखं कशाला वाजवलंस?

मी एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचते. हे काम मला कुणी शिकवलेलं नाही, आणि कॉम्प्युटरही नाही. दोन्ही मी बटणं दाबून दाबून शिकले. कुठलं बटण काय करतं हे कळत नसलं की ते दाबल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी याला जिज्ञासा म्हणते. माझी लेक याला दुसरं नाव देते, ते इथे नको. तर कोडी रचायचा माझा प्रोग्रॅम जुना आहे आणि स्वभावाने खडूस आहे. भरलेल्या चौकटीत दुसरं अक्षर घातलं, टिंगटाँग. त्याला न पटणारी वेलांटी दिली, टिंगटाँग. एक कोडं पुरं होईपर्यंत आमच्याकडे लग्नघराइतकी बेल वाजते.

आता भाऊ. भाऊ म्हणजे माझे सासरे. नोकरी पोस्टमनची, त्यामुळे उभा जन्म दुसऱ्यांच्या दारावरच्या बेल वाजवण्यात गेला. आता नजर अधू झाली आहे आणि गुडघे कुरकुरतात. दुपारी ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर वाचून दाखवलेली पुस्तकं ऐकतात. त्याच वेळी मी त्याच कॉम्प्युटरवर कोडं रचते. म्हणजे स्पीकर एकच, त्यातून कादंबरीचा नायक बोलतो आणि मधेमधे माझ्या चुका वाजतात. आवाज बंद करावा तर नायक मुका होतो. चालू ठेवावा तर टिंगटाँग झालं रे झालं की भाऊ काठी चाचपतात, उठतात, भिंतीला हात लावत दारापर्यंत जातात, कडी काढतात, बाहेर तोंड काढून थोडं थांबतात, दार लावतात आणि परत येऊन म्हणतात, "कुणी नाही."

"भाऊ, तो कॉम्प्युटर होता," मी म्हणते.

"हो का," ते म्हणतात, आणि पुढच्या टिंगटाँगला पुन्हा उठतात.

एका दुपारी परत येताना त्यांची काठी पायपुसण्याच्या मुडपलेल्या कडेत अडकली. ते पडले नाहीत. चपलांच्या कपाटाला धरून अर्धे लोंबकळत राहिले. मी चौकटी सोडून धावले, त्यांना उभं केलं, आणि तेच मला विचारत होते, "तुला लागलं नाही ना गं?"

त्या क्षणी मी ठरवलं की हा आवाज घरातून गेला पाहिजे. काम एवढंसं. आवाज म्हणजे तरी काय, कुठेतरी ठेवलेली एक वस्तूच असणार. ती शोधायची, काढायची, संपलं.

मी कॉम्प्युटरच्या पोटात शिरले. फोल्डरात फोल्डर, त्या फोल्डरात आणखी फोल्डर. पाहुणी म्हणून एखाद्याकडे जावं, हात धुवायला आत जावं आणि चुकून त्यांच्या कोठीच्या खोलीत शिरावं, तसं झालं. तिथे अशा वस्तू होत्या की ज्यांची नावं वाचता येत नव्हती, पण कुणीतरी नीट लावून ठेवल्या आहेत हे दिसत होतं. अखेर आवाजांची खोली सापडली. खरं सांगते, तिथे मी कामच विसरले. बॅटरी संपत आल्याचा आवाज, बाहेरून काहीतरी जोडल्याचा आवाज, कचरा टाकल्याचा आवाज. प्रत्येक ऐकून पाहिला. कचऱ्याचा आवाज म्हणजे कुणीतरी कागद चुरगळत होतं. कुणी चुरगळला असेल तो कागद? त्याच्यावर काही लिहिलेलं होतं का? घरी गेल्यावर त्या माणसाने बायकोला काय सांगितलं असेल, की आज ऑफिसात दिवसभर एकच कागद चुरगळत होतो?

मग आमचा गुन्हेगार सापडला. खात्री करायला मी तो वाजवला. टिंगटाँग. भाऊ उठले.

"भाऊ, बसा. मी होते."

"कुणी नाही," दारातून उत्तर आलं.

मी त्या फाइलवर बोट ठेवलं आणि 'काढून टाका' दाबलं. स्क्रीनवर एक पाटी आली. कॉम्प्युटर बसवून देताना लेकीने सगळ्या पाट्या आपल्या भाषेत करून दिल्या आहेत, आईला सोपं जावं म्हणून. त्यामुळे माझा अपमानसुद्धा शुद्ध मातृभाषेत होतो. पाटी अशी: 'हा फोल्डर संरक्षित आहे. तुम्हाला ही कृती करण्याची परवानगी नाही. प्रशासकाशी संपर्क साधा.' आणि पाटी आल्याचं मला कळावं म्हणून यंत्राने वाजवलं, टिंगटाँग.

भाऊ उठले.

पेच लक्षात आला ना? तो आवाज काढायचा प्रत्येक प्रयत्न तोच आवाज करून नाकारला जात होता. भाऊंच्या फेऱ्या वाचवायला मी बसले होते, आणि माझ्यामुळेच ते दुपारभर दाराशी येरझाऱ्या घालत होते. मी फाइलचं नाव बदलून पाहिलं, टिंगटाँग. दुसरीकडे हलवून पाहिली, टिंगटाँग. शेवटी मी गप्प बसून ती पाटी पुन्हा वाचली.

इथे प्रशासकाचं सांगायला हवं. आमच्या इमारतीची कमिटी लिफ्टमध्ये आरसा बसवावा की नाही या प्रश्नावरून फुटली. आरशाच्या बाजूचे आणि आरशाच्या विरोधातले एका लिफ्टने जाईनासे झाले. शेवटी सहकार खात्याने कमिटी बरखास्त करून इमारतीवर एक प्रशासक नेमला. तेव्हापासून जिन्यातला बल्ब बदलायचा तर प्रशासकाची परवानगी, गच्चीची किल्ली हवी तर प्रशासकाची परवानगी. त्यामुळे संध्याकाळी हे ऑफिसातून आले, स्क्रीनसमोर वाकले, पाटी वाचली, आणि त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

"लागणारच," हे म्हणाले.

"अहो, हा तो प्रशासक नव्हे."

"मग कुठला?"

इथे माझी गोची झाली. कुठला ते मलाही माहीत नव्हतं. आमचे हे विमा कंपनीत आहेत. समोरचा अडखळला की ते कलम काढतात. "इमारतीचं इंटरनेट कुणाच्या सहीने आलं? त्यांच्या. वायर कुणाची? त्यांची. वायर जिथे शिरते तो कॉम्प्युटर. म्हणजे कॉम्प्युटरवर कुणाचा अंमल?"

"उद्या पाण्याचा पाइप शिरतो म्हणून माझ्या आंघोळीवर त्यांचा अंमल म्हणाल."

"पाण्याच्या वेळा कोण ठरवतं?" हे म्हणाले आणि कपडे बदलायला गेले.

बातमी भिंतीतून झिरपते तशी शेजारी गेली. सगळ्यात आधी वरचे लॉकरकाका उतरले. ते बँकेत लॉकर सांभाळायचे, आणि जगातली कुठलीही बंद वस्तू त्यांना लॉकरच वाटते. हाताची घडी घालून त्यांनी फोल्डर पाहिला. "वहिनी, हे दोन किल्ल्यांचं काम आहे. एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. तुमची तुमच्याकडे आहे. दुसरी शोधा."

"माझी कुठली काका?"

"तीही शोधा."

समोर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. त्या दवाखान्यात जाता जाता दारातच उभ्या राहिल्या. "त्रास होतोय ना? मग काढा. पण एक सांगते, वरवर काढू नका. मुळापासून काढा, नाहीतर परत ठणकणार." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "नाहीतर दाराची बेलच बदला की! तिचा आवाज वेगळा केला की झालं."

हा खरोखर शहाण्या माणसाचा सल्ला होता. मला लाज वाटली की तो मला सुचला नाही. पण हे म्हणाले, "बेलचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे. बाहेरची भिंत सामाईक. सामाईक भिंतीला हात लावायचा तर..."

"प्रशासकाची परवानगी," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

दोन्ही वाटा एकाच दारात जात होत्या, म्हणून मी ते दार वाजवलं. प्रशासक तळमजल्यावर, सायकली लावायच्या जागेशेजारच्या खोलीत बसतात. टेबलावर काच आहे, काचेखाली काहीच नाही. समोर दोन खुर्च्या, एक रागावून आलेल्या माणसासाठी आणि दुसरी त्याने साक्षीला आणलेल्या माणसासाठी. स्वतः प्रशासक किडकिडीत, स्वेटर घातलेले, आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलेले. चहा केव्हाच गार झाला असावा.

"बसा," ते म्हणाले. "गळती की पार्किंग?"

"फोल्डर."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कुठल्या मजल्यावर?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. खरं तर त्यांनी इतकं मन लावून ऐकलं की मीच जरा बावचळले.

"म्हणजे बाब सदनिकेच्या आतली आहे," ते म्हणाले. "आतल्या बाबतीत मी पडत नाही. पण आवाज बाहेर जातो का?"

"आवाज नाही जात. माणूस जातो."

"कोण माणूस?"

"माझे सासरे. दार उघडतात."

"आणि बाहेर कोण असतं?"

"कुणी नाही."

"रोज?"

"रोज. कितीदा तरी."

"आणि कुणी नसतं म्हणून रागावत नाहीत?"

"नाही हो. 'कुणी नाही' म्हणतात आणि परत येऊन बसतात."

प्रशासकांनी त्या रिकाम्या काचेवरून हात फिरवला. मग खात्याच्या आवाजात म्हणाले, "अर्ज द्या. जागेची पाहणी करावी लागेल."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला. विषय: आवाज काढण्याबाबत. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हा विषय वाचून कुणालाही वाटेल, बाईला गाणं शिकायचंय. पण खोडलं तर अर्ज बाद, असं भिंतीवर लिहिलेलं होतं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पाहणी? विसर. आरशाच्या भांडणापासून हा माणूस कुणाच्या घरी गेलेला नाही. एका घरी गेला तर दुसरं घर म्हणणार, त्यांच्या बाजूचा आहे."

म्हणजे वाट बघण्यात अर्थ नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दुपारी लॉकरकाका पुन्हा उतरले. आता ते ईर्षेला पेटले होते. अडकलेलं लॉकर मागे ठेवून त्यांनी आयुष्यात कधी बँक बंद केली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून फोल्डरच्या पाठीमागच्या पाट्या उलगडल्या, आणि काय सांगू, नवीन जगच उघडलं. तिथे लिहिलं होतं की या फोल्डरला त्याच्या परवानग्या वरच्या फोल्डरकडून वारशाने मिळाल्या आहेत. वारसा! म्हणजे यंत्रांच्याही घरात वडीलधारे असतात. त्याखाली होतं, 'मालक: विश्वासू स्थापक'.

"हा कोण?" ह्यांनी पेपर खाली घेतला.

"काही कल्पना नाही."

"माझ्या घरात, माझ्या पैशांनी घेतलेल्या कॉम्प्युटरात, मालक दुसराच?"

"आणि विश्वासू," लॉकरकाकांनी तेल ओतलं.

'मालक' हा तीन अक्षरी शब्द मी अनेकदा कोड्यात घातला आहे; खूण देते, 'घरधनी'. आमच्या ह्यांचा चेहरा त्या दुपारी त्या खुणेसारखाच, उत्तर हरवल्यासारखा झाला. पण माझी पाळी पुढेच होती. त्याच्याखालची ओळ अशी: 'तुम्ही: सामान्य वापरकर्ता'. इतकी वर्षं या यंत्राची धूळ मी पुसते, त्याच्यावर पोटापाण्याची कोडी रचते, आणि मी सामान्य. बरं, नुसती सामान्यही नाही, वापरकर्ता! निदान वापरकर्ती तरी म्हणायचं होतं.

"मालकी बदलता येते," काका ओरडले. "हे बघा, 'मालक बदला'!"

"दाबा," हे म्हणाले, आणि ते इतक्या तडफेने म्हणाले की मी चमकून बघितलं.

दाबलं. एक चौकट आली. प्रशासकाचा पासवर्ड द्या. आता अंदाज बांधणं आलं. काकांनी इमारतीचं नाव सुचवलं, टिंगटाँग. ह्यांनी आमच्या लग्नाची तारीख सुचवली आणि चुकीची सुचवली, ती मी दुरुस्त केली, तरी टिंगटाँग. प्रत्येक टिंगटाँगला भाऊ उठत होते आणि मी खुर्ची ढकलून पायपुसण्यापाशी पहारा द्यायला धावत होते. "काका, थांबा, भाऊंना बसू दे. हं, आता दाबा." शेवटी भाऊंनी आपली खुर्चीच दाराजवळ ओढून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा काहीतरी मजेचं दिसलं होतं. पण मी घाईत होते.

मग पासवर्डच्या चौकटीशेजारच्या चित्राकडे माझं लक्ष गेलं. एक मांजर. एक कान फाटलेली, रागीट मांजर. खालच्या प्रशासकांनी आपल्या चित्रासाठी मांजर निवडली असेल असं मला वाटेना. शिवाय ही मांजर माझ्या ओळखीची होती. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर बसून ती माझ्या लेकीच्या हातचं दूध प्यायची आणि मला फिस्कारायची.

मी लेकीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती नोकरीला दुसऱ्या गावात असते.

"एक विचारायचंय. आपल्या कॉम्प्युटरचा प्रशासक कोण?"

"आई, तू काय केलंस?"

"काही नाही. आधी सांग, कोण?"

"मी."

"तू? आणि मी सामान्य?"

"अगं, बसवला त्या आठवड्यात तू त्यातलं घड्याळ काढून टाकलं होतंस! काय होतं बघू म्हणून! म्हणून मी तुला साधं खातं करून दिलं."

लॉकरकाका छताकडे बघू लागले. मी आवाज जमेल तेवढा मालकिणीसारखा केला. "पासवर्ड सांग."

"हात लावू नकोस."

"नाही लावत गं. नुसता पासवर्ड सांग."

"हात लावू नकोस!"

"अगं, नाही म्हटलं ना! दोन्ही हात मांडीवर आहेत, काकांना विचार!"

"आई," लेक म्हणाली, आणि तिला हसू आवरत नव्हतं, "तोच पासवर्ड आहे. 'हातलावूनकोस'. सगळं जोडून."

माझा एक हात मांडीवरून कीबोर्डकडे सरकला.

"लहानपणी मी दिवसभर तेच ऐकायचे ना," ती म्हणाली. "म्हटलं, हा मी कधीच विसरणार नाही. पण तुला नेमकं करायचंय काय? आई? हॅलो?"

मी फोन ठेवला होता. हात लावायची घाई झाली होती.

'हातलावूनकोस' टाइप केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा यंत्र गप्प राहिलं. मग पाटी आली: 'तुम्ही आता या फोल्डरचे मालक आहात.' ह्यांनी ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू आता संध्याकाळचा चहा कुणी करायचा हे नव्याने ठरवावं लागेल. मालकी झाली तरी परवानगी वेगळी घ्यावी लागते म्हणे, तर मी मालक या नात्याने स्वतःलाच परवानगी दिली. असा अनुभव बाईला क्वचित येतो. मी जरा थांबून तो घेतला. मग दातांच्या डॉक्टरीणबाईंचा सल्ला स्मरून ती फाइल मुळापासून काढली, कचऱ्यातूनही काढली.

काका म्हणाले, "चूक करून बघा." मी भरलेल्या चौकटीत मुद्दाम 'ढ' घातला. काही नाही. शांत. काकांनी ह्यांच्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दुपारी मी कामाला बसले. कादंबरीचा नायक एका स्टेशनावर कुणाची तरी वाट बघत होता. मी चुकत होते, यंत्र गप्प होतं, आणि भाऊ जागचे हलत नव्हते. माझं कोडं एरवीपेक्षा लवकर पुरं होत आलं. हेच तर मला हवं होतं. तरी मी मधूनमधून मागे वळून का बघत होते ते मला कळेना. भाऊ नुसते बसले होते. काठी मांडीवर आडवी. मान दाराकडे.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आज कुणीच आलं नाही गं."

माझं बोट चौकटीवरच राहिलं. "भाऊ, रोज तरी कोण येतं? तो कॉम्प्युटर वाजायचा. मी सांगायचे ना तुम्हाला."

"ते मला ठाऊक होतं."

"काय?"

"तुझा कॉम्प्युटर स्वच्छ वाजतो. दाराच्या बेलचा घसा बसलाय, ती टिंग म्हणते आणि टाँग अर्धं गिळते. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत."

"मग उठायचात कशाला?" माझा आवाज चढला. "पडला असतात त्या दिवशी!"

"अगं, दिवसभर या खुर्चीत बसून करू काय? तो वाजला की उठायला एक कारण मिळायचं. दार उघडायचं. माणूस नसला तरी जिना असतो." भाऊ खुलले. "वरून फोडणीचा वास येतो. लॉकरकाका फोनवर जावयाशी भांडत असतात. डॉक्टरीणबाईंच्या मुलीने बासरी शिकायला घेतली आहे, अजून बासरी वाजत नाही, नुसती फुंकर वाजते. वारा येतो. मी आयुष्यभर जिने चढलो ना गं. आता चढवत नाहीत, तर ऐकून घेतो."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आणि ज्यात पाय अडकला ते पायपुसणं तसंच आहे," भाऊ म्हणाले. "तू आवाज कशाला काढलास?"

मी ते पायपुसणं उचललं, घडी घातली आणि माळ्यावर टाकलं. कुणाचीही परवानगी लागली नाही. पासवर्डही लागला नाही.

मग आवाज परत आणायला बसले. पण मुळापासून काढलेली वस्तू परत कुठून आणणार? लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे विश्वासू स्थापकासकट.

ती शांतपणे म्हणाली, "आई, आवाज बदलायला त्या फोल्डरात जायची गरजच नव्हती. सेटिंगमध्ये आवाजांची यादी असते. कुठल्याही आवाजावर टिचकी मारायची, दुसरा निवडायचा. सामान्य वापरकर्त्यालाही जमतं."

"परत आणता येईल का ते सांग."

"माझ्या कॉम्प्युटरमधला पाठवते. पण आता काढू नकोस हं. आणि आई?"

"काय?"

"भाऊंना सांग, येत्या सुट्टीत दार त्यांनीच उघडायचं. मी येतेय."

मी फोन ठेवत होते आणि तेवढ्यात वाजलं, टिंगटाँग.

"अगंबाई! इतक्यात आला?" मी स्क्रीनकडे धावले. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

"ही दाराची आहे," भाऊ म्हणाले. ते उठलेसुद्धा होते. "टाँग अर्धं गिळलं."

त्यांनी भिंतीला हात लावत जाऊन कडी काढली. दारात स्वेटर घातलेला एक किडकिडीत गृहस्थ उभा होता. हातात माझा अर्ज.

"कोण?" भाऊंनी विचारलं.

"मी प्रशासक," ते खात्याच्या आवाजात म्हणाले, आणि मग तो आवाज त्यांना पुरेना. "पाहणीसाठी आलोय. म्हणजे... आत येऊ का?"

"अहो, सगळं घर तुमच्याशी संपर्क साधायला बसलंय," भाऊ बाजूला सरकले. "या, या. परवानगी आहे."

आमच्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. पाहणी चालू आहे. ती दुपारी असते, चहाच्या सुमाराला, आणि त्या चहाचा ग्लास कधी गार होत नाही. इमारतीतल्या कुणी अजून बाजू घेतल्याचा आरोप केलेला नाही. भाऊ कुठल्याच बाजूचे नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, ते आरशात बघतच नाहीत. लेकीने पाठवलेला आवाज मी जागेवर बसवला, आणि माझा खडूस प्रोग्रॅम पूर्वीसारखाच वाजतो. फरक इतकाच की आता टिंगटाँग झालं की दोघं उठतात. भाऊ पुढे, काठी टेकत. प्रशासक मागे, त्यांच्या कोपराशी हात धरून. दार उघडतात आणि दोघंही बाहेर तोंड काढून बराच वेळ उभे राहतात.

"कोण आहे?" मी कोड्यातून मान वर न करता विचारते.

"कुणी नाही," दोघं म्हणतात, आणि दार मात्र उघडंच ठेवतात.